क्लिनिकल ट्रायलमध्ये जायचंय? आधी हा क्रम समजून घ्या

विद्यापीठाशी जोडलेल्या मोठ्या वैद्यकीय केंद्रात आपल्या आजारावरच्या उपचाराची चाचणी, म्हणजे क्लिनिकल ट्रायल, सुरू आहे असं कानावर आलं, की पुष्कळ जण उलट्या क्रमाने धावतात. आधी घाईने दुसरं औषध सुरू करून घेतात, मग चाचणीची चौकशी करतात, रिपोर्ट शेवटी गोळा करतात आणि संमतीपत्र सही झाल्यावर वाचतात. मग ज्यांना सहज जागा मिळाली असती ते पहिल्याच चाळणीत बाहेर पडतात. ज्यांनी जायला नको होतं, ते मात्र काय पत्करलंय हे न कळताच आत गेलेले असतात.

टप्प्यांकडे वळण्याआधी दोन गोष्टी मनात पक्क्या करा. चाचणी हे संशोधन आहे, तुमच्यासाठी आखलेला उपचार नाही. तिथे औषधाचा डोस, तपासण्यांचे दिवस, औषध कधी थांबवायचं हे सगळं प्रोटोकॉल नावाच्या दस्तऐवजात आधीच ठरलेलं असतं. डॉक्टर तेच असले, खोली तीच असली, तरी निर्णयाची चौकट बदललेली असते. दुसरी गोष्ट: चाचणीची वाट बघत तातडीचा उपचार कधीही थांबवू नका. थांबणं किती दिवस सुरक्षित आहे, हे सध्याच्या डॉक्टरांना सरळ विचारा आणि ती मुदत लिहून ठेवा. पुढचं सगळं त्या मुदतीतच बसवायचं आहे.

टप्पा १: फाईल तयार करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चाचणीचं पथक तुमच्या सांगण्यावर नाही, कागदावर निर्णय घेतं.

निदानाचा मूळ पुरावा लागतो. बायोप्सी झाली असेल तर पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट घ्या, आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेला बायोप्सीचा तुकडा, कुठल्या लॅबमध्ये ठेवला आहे ते विचारून ठेवा. बऱ्याच चाचण्यांत त्या जुन्या ब्लॉकवर नव्याने तपासणी होते, आणि ब्लॉक मागवण्यातच दिवस जातात. जनुकीय तपासणी झाली असेल तर सर्व पानं हवीत. ‘म्युटेशन पॉझिटिव्ह’ एवढी डिस्चार्ज कार्डावरची ओळ पुरत नाही, कारण एकाच जनुकातल्या वेगवेगळ्या बदलांसाठी वेगवेगळी औषधं असतात.

सीटी, एमआरआय, पेट यांच्या रिपोर्टसोबत मूळ प्रतिमांची सीडी किंवा पेन ड्राइव्ह घ्या. कर्करोगाच्या चाचण्यांत गाठ किती लहानमोठी झाली हे ठरावीक नियमांनी मोजतात. त्या नियमांनुसार सीटीवर साधारणपणे किमान १० मिलिमीटरची गाठच मोजण्याजोगी धरली जाते. लिम्फ नोडसाठी (लसिकाग्रंथींसाठी) ही मर्यादा आणखी वरची आहे. रिपोर्टमधला ‘लहान गाठ’ हा शब्द तिथे काहीच कामाचा नाही.

मग उपचारांचा इतिहास एका पानावर उतरवा. प्रत्येक ओळीत औषध, डोस, सुरू केल्याची तारीख, शेवटच्या डोसची तारीख आणि बंद करण्याचं कारण. उदाहरणार्थ: ‘मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम, मार्च ते ऑगस्ट, यकृताची एन्झाइम्स वाढल्यामुळे बंद.’ शेवटचा भाग लोक गाळतात, आणि नेमका तोच निर्णायक असतो. औषध लागू पडलं नाही, सोसलं नाही, की कोर्स पूर्ण झाला म्हणून थांबलं? या तीन उत्तरांनी तीन वेगवेगळ्या चाचण्यांची दारं उघडतात किंवा बंद होतात.

शेवटी सध्याच्या सगळ्या औषधांची यादी, आणि ‘सगळ्या’ म्हणजे खरोखर सगळ्या. दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्या, जीवनसत्त्वं, वनस्पतींचे अर्क, प्रोटीन पावडर, डोळ्यांत घालायचे थेंब. केसांसाठी घेतलेलं जास्त डोसचं बायोटिन थायरॉइड आणि ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणाऱ्या प्रथिनाच्या) काही तपासण्यांचे आकडे चुकवू शकतं. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातल्या एका एन्झाइमचा वेग वाढवून कित्येक औषधांचं रक्तातलं प्रमाण खाली आणते. ग्रेपफ्रूटचा रस याच्या उलट करतो.

पडताळणी: तुम्हाला न ओळखणाऱ्या डॉक्टरला हे एक पान वाचून पाच मिनिटांत आजाराचा प्रवास कळतो का? कळत नसेल तर पान अजून तयार नाही.

टप्पा २: योग्य विभाग शोधा

इथली नेहमीची चूक म्हणजे केंद्राचं नाव बघून जाणं. विद्यापीठाच्या केंद्रात संशोधन विभागांमध्ये वाटलेलं असतं, आणि एका विभागाला दुसऱ्याच्या चाचण्या माहीत असतीलच असं नाही.

अ‍ॅमिलॉयडोसिस घ्या. शरीरात चुकीच्या घडीची प्रथिनं साचण्याचा हा आजार. त्याचा एएल प्रकार अस्थिमज्जेतल्या पेशींमधून येतो, म्हणून त्याच्या चाचण्या बहुधा हिमॅटॉलॉजी म्हणजे रक्तविकार विभागाकडे. एटीटीआर प्रकारात यकृतात बनणारं प्रथिन हृदयात किंवा नसांमध्ये साचतं, तेव्हा कार्डिऑलॉजी (हृदय) किंवा न्यूरॉलॉजीकडे (मज्जासंस्था) जावं लागतं. मूत्रपिंड बिघडलं म्हणून रुग्ण वर्षभर नेफ्रॉलॉजीतच फिरत असेल, तर उरलेल्या विभागांत काय चाललंय हे त्याच्या कानावरही येत नाही. ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारात, मूत्रपिंडाला सूज आली तर ऱ्हुमॅटॉलॉजी (संधिवात) आणि नेफ्रॉलॉजी दोन्हींकडे विचारायला हवं. मेदयुक्त यकृताच्या (फॅटी लिव्हरच्या) चाचण्या हिपॅटॉलॉजीत असतात, तशा एंडोक्रायनॉलॉजीतही (संप्रेरकांच्या विभागात) असतात.

कर्करोगात आणखी एक विभाग सुटतो, तो म्हणजे फेज १ युनिट, नव्या औषधांच्या अगदी सुरुवातीच्या चाचण्या घेणारा विभाग. काही चाचण्या अवयवावरून नव्हे तर म्युटेशनवरून रुग्ण घेतात. फुप्फुस, थायरॉइड, आतडं, गाठ कुठलीही असो, बदल तोच हवा. अशी चाचणी अवयवाच्या विभागाच्या यादीत दिसेलच याची खात्री नसते.

म्हणून दोन प्रश्न लिहून न्या: ‘माझ्या आजाराच्या या प्रकारावर कोणकोणते विभाग संशोधन करतात?’ आणि ‘माझ्या म्युटेशनवर आधारित चाचण्या कोण बघतं?’

टप्पा ३: नोंदवहीत चाचणी तपासा

गंभीर संशोधन सार्वजनिक नोंदवहीत नोंदलेलं असतं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह, भारताची सीटीआरआय, आणि अनेक देशांच्या नोंदी एकत्र शोधता येतील असं जागतिक आरोग्य संघटनेचं पोर्टल, या सगळ्या कुणालाही विनामूल्य पाहता येतात. अमेरिकन नोंदवहीतल्या प्रत्येक चाचणीला ‘एनसीटी’ आणि पुढे आठ आकडे असा क्रमांक असतो. कुणाशीही बोलताना हा क्रमांक सांगा, औषधाचं नाव नको. एकाच औषधाच्या एकाच वेळी अनेक चाचण्या चालू असू शकतात.

नोंद उघडल्यावर आधी स्थिती बघा. ‘रिक्रूटिंग’ म्हणजे भरती सुरू. ‘अ‍ॅक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग’ म्हणजे चाचणी चालू आहे, पण नवीन माणसं घेणं बंद. त्यातला ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा पहिला शब्द वाचून लोक गाडी पकडतात. नंतर खाली उतरून तुमच्या केंद्राची स्वतंत्र स्थिती पाहा. एकूण चाचणीची भरती सुरू असली तरी एखाद्या केंद्रावर ती अजून सुरू झालेली नसते किंवा संपलेली असते. नोंद शेवटची कधी अद्ययावत केली ती तारीखही बघा.

फेजचा अर्थही इथेच समजून घ्या. फेज १ मध्ये मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा आणि डोसचा असतो, माणसं साधारण २० ते १००. फेज २ मध्ये औषध काम करतंय का हे शोधतात. फेज ३ मध्ये शेकडो ते काही हजार लोकांवर प्रचलित उपचाराशी तुलना होते. फेज ४ औषध बाजारात आल्यानंतरची. फेज १ मध्ये डोस गटागटाने वाढवत नेत असतील तर ‘मी कितव्या डोसच्या गटात येईन?’ हे विचाराच. पहिल्या गटांना मुद्दाम कमी डोस देतात. तिथे धोका कमी असू शकतो, पण फायद्याची शक्यताही कमी असते.

सावधान: नोंदवहीत नाव आहे म्हणजे सरकारने चाचणीचा दर्जा तपासला, असा अर्थ होत नाही. प्रायोगिक उपचारासाठी सहभागींकडून मोठी रक्कम मागणाऱ्या ‘चाचण्या’ही नोंदवलेल्या सापडतात, स्टेम सेलच्या नावाखाली विशेषतः. प्रायोगिक औषधाचे पैसे मागितले की तिथेच थांबा आणि दुसऱ्या, त्या चाचणीशी संबंध नसलेल्या डॉक्टरांना नोंद दाखवा.

टप्पा ४: पात्रतेचे निकष ओळीओळीने वाचा

निकषांच्या दोन याद्या असतात, कुणाला घ्यायचं आणि कुणाला वगळायचं. वगळण्याची यादी आधी वाचा. वेळ वाचतो.

एक नेहमीची ओळ: ‘ईसीओजी ० किंवा १’. हे रोजच्या हालचालींचं मोजमाप आहे. ० म्हणजे आजारापूर्वीसारखा पूर्ण वावर. १ म्हणजे दमवणारं काम जमत नाही, पण हलकं काम होतं. २ म्हणजे स्वतःचं सगळं करता येतं पण कामधंदा होत नाही, आणि जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ माणूस उठून-फिरून असतो. ३ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ खुर्चीत किंवा अंथरुणात. रुग्ण चाकाच्या खुर्चीवर आणला आणि तो घरी चालतो हे कुणी सांगितलंच नाही, तर चुकीचा आकडा पडू शकतो. उलट, जागा मिळावी म्हणून नातेवाइकांनी ‘सगळं स्वतः करतात’ असं सांगणं धोक्याचं आहे. न झेपणारं औषध अशक्त शरीरात जातं आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

दुसरी ओळ वॉशआउटची: आधीच्या औषधाचा शेवटचा डोस आणि चाचणीचा पहिला डोस यांत ठरावीक अंतर हवं. पुष्कळदा ते औषधाच्या अर्धायुष्याच्या, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणाऱ्या वेळाच्या, पाचपट धरतात, कारण तेवढ्या वेळात औषध शरीरातून जवळजवळ पूर्ण गेलेलं असतं. सजीव पेशींपासून बनवलेल्या काही जैविक औषधांबाबत हे अंतर महिन्यांत जातं. शेवटच्या डोसची नेमकी तारीख पहिल्या टप्प्यात लिहून घेतली ती यासाठी.

तिसरी ओळ सगळ्यात जास्त लोकांना बाहेर काढते: ‘यापूर्वी औषधोपचार घेतलेला नसावा’ किंवा ‘जास्तीत जास्त एक उपचार घेतलेला असावा’. नव्या उपचाराचा एक डोस घेतला तरी इथे दार बंद होऊ शकतं. म्हणूनच चौकशी आधी आणि औषधबदल नंतर, हा आग्रह.

निकष स्वतः वाचून स्वतःला बाद मात्र करू नका. नोंदवहीतली यादी बऱ्याचदा संक्षिप्त असते. शंका असलेल्या ओळीवर खूण करा आणि ती पुढच्या टप्प्यात विचारा.

टप्पा ५: रिसर्च कोऑर्डिनेटरशी बोला

थेट मोठ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळवायची धडपड करू नका. चाचणीची रोजची व्यवस्था कोऑर्डिनेटर बघतात, आणि जागा आहे की नाही हे त्यांनाच आधी कळतं. फोनवर पहिल्या मिनिटात एवढंच सांगा: चाचणीचा क्रमांक, निदान, आजाराची अवस्था, आतापर्यंतचे उपचार, वय, आणि उपचार किती दिवस थांबू शकतो ती मुदत. मग विचारा: इथे आज जागा आहे का? नसेल तर प्रतीक्षायादी आहे का? आठवड्यातून किती वेळा यावं लागेल?

फाईल पाठवल्यावर ती पोचल्याची खात्री करून घ्या. आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा. लपवून केलेली चौकशी पुढे दोन प्रिस्क्रिप्शन एकमेकांवर आदळवते.

टप्पा ६: संमतीपत्र घरी न्या

हा टप्पा घाईत उरकला तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. संमतीपत्र वीस-तीस पानांचं असू शकतं. कोऑर्डिनेटर समजावून सांगतात, तुम्ही मान हलवता, पेन पुढे येतं. तिथे ‘मी हे घरी नेऊन वाचतो’ एवढं म्हणा. हा तुमचा हक्क आहे. चांगलं पथक यावर नाराज होत नाही, आणि जे होतं त्याच्याकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी एकदा सलग वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचा आणि समासात प्रश्न लिहा. हे प्रश्न तरी हवेतच:

- मी चाचणीत गेलो नाही तर माझ्यासमोर कोणता प्रचलित उपचार आहे, आणि तो कितपत चांगला आहे?
- प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही, आहे का? असेल तर एकटा, की प्रचलित उपचाराच्या जोडीला? आजार वाढला तर खरं औषध मिळण्याची सोय आहे का?
- कोणत्या तपासण्या फक्त संशोधनासाठी आहेत? जादा बायोप्सी, जादा सीटी, मणक्यातून पाणी काढणं?
- कोणता खर्च कोण करणार? चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा आणि भरपाईचा भार कुणावर?
- चाचणी संपल्यावर औषध चालू राहील का?
- या चाचणीमुळे पुढची कोणती दारं बंद होतील?

शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. जीन थेरपीत, म्हणजे शरीरात जनुक पोचवून केलेल्या उपचारात, एएव्ही नावाचा विषाणू वाहक म्हणून वापरतात, तेव्हा शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग तोच वाहक वापरणारी पुढची, कदाचित अधिक चांगली थेरपी सहसा घेता येत नाही. कमी डोसच्या पहिल्या गटात अशी थेरपी घ्यायची की थांबायचं, हा विचार सहीच्या आधीच करायचा आहे.

ऐच्छिक भाग वेगळे काढा. उरलेलं रक्त वर्षानुवर्षं साठवणं, जनुकीय संशोधनाला देणं, यांसाठी सहसा वेगळी चौकट किंवा वेगळी सही असते. तिथे नकार दिला म्हणून मुख्य चाचणीतली जागा जात नाही.

सही करताना पडताळणी: पानांवर संमतीपत्राची आवृत्ती आणि तारीख आहे का? एथिक्स कमिटीने (सहभागींच्या हिताच्या दृष्टीने चाचणी तपासणाऱ्या समितीने) मंजूर केलेली तीच आवृत्ती आहे का? चोवीस तासांचा फोन नंबर आहे का? तारीख तुमच्या हाताने लिहिली का? सही झालेली प्रत तुमच्या हातात आली का? वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी पथकाबाहेरचा साक्षीदार लागतो. मुलांच्या बाबतीत पालकांच्या परवानगीसोबत, समजण्याच्या वयातल्या मुलाची स्वतःची तयारीही विचारली जाते.

टप्पा ७: स्क्रीनिंग

सही म्हणजे प्रवेश नव्हे. सहीनंतर स्क्रीनिंग, म्हणजे तुम्ही खरोखर पात्र आहात का याची तपासणी, सुरू होतं, आणि त्याला मुदत असते, पुष्कळ चाचण्यांत २८ दिवस. स्कॅन, रक्ततपासणी, ईसीजी सगळं त्या खिडकीत बसवावं लागतं, म्हणून या काळात प्रवास आणि समारंभ ठरवू नका. ठरलेल्या अंतरात झालेला बाहेरचा स्कॅन चालेल का ते विचारा. चालला तर एक तपासणी वाचते.

एखादा आकडा सीमेवर चुकला तर लगेच निराश होऊ नका. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट थोड्या कमी आल्या, तर काही प्रोटोकॉल पुन्हा तपासायची मुभा देतात. पण आकडा ‘सुधारायला’ स्वतःहून काही घेऊ नका. रक्त किंवा प्लेटलेट चढवून आलेला आकडा अनेक चाचण्यांत धरत नाहीत.

कोणाला कोणतं औषध, हे बहुधा संगणक ठरवतो. डॉक्टरांना विनंती करून गट बदलत नाही. पुष्कळ चाचण्यांत कोण कोणत्या गटात आहे हे रुग्णालाही आणि डॉक्टरांनाही कळू देत नाहीत.

टप्पा ८: चाचणी चालू असताना

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात होते. काही भेटींना रक्तातलं औषध सर्वांत खाली असताना, म्हणजे पुढच्या डोसच्या आधी, नमुना घ्यायचा असतो. त्या दिवशी सकाळची गोळी घरी घ्यायची नसते, सोबत आणायची असते. सवयीने घेतली तर तो नमुना कायमचा हुकतो, पुन्हा घेऊन भरून निघत नाही. कॅलेंडरवर त्या तारखांभोवती लाल गोल करा आणि आदल्या रात्री डबीवर चिठ्ठी चिकटवा.

रिकाम्या बाटल्या आणि पाकिटं फेकू नका. उरलेल्या गोळ्या मोजून घेतल्या जातात. डोस चुकला तर डायरीत तसंच लिहा, पुढच्या वेळी दोन घेऊ नका. चुकलेला डोस लपवला की औषध लागू पडलं नाही असा खोटा निष्कर्ष निघतो, आणि तो पुढच्या रुग्णांना भोवतो.

त्रास झाला की लगेच कळवा, ‘औषधाचाच असेल कशावरून’ हे ठरवणं तुमचं काम नाही. साधी सर्दीही नोंदवायची असते. जीवाला धोका, रुग्णालयात भरती होणं, कायमचं अपंगत्व, हे गंभीर घटनांत मोडतं आणि पथकाला त्याचा अहवाल तातडीने वर पाठवावा लागतो. म्हणून दुसऱ्या रुग्णालयात भरती झालात तरी त्याच दिवशी फोन करा.

तुम्ही चाचणीत आहात हे सांगणारं, पथकाचा नंबर असलेलं कार्ड पाकिटात ठेवा. दाताच्या डॉक्टरांनाही दाखवा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं नेहमीचं अँटिबायोटिक काही चाचणी-औषधांचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढवू शकतं. लस घेण्याआधीही विचारा. तुम्ही बेशुद्ध असाल आणि उपचारासाठी तुमचा गट कळणं गरजेचंच असेल, तर तो उघड करण्याची सोय चाचणीत असते. त्या कार्डावरचा नंबर त्यासाठीच आहे.

मध्येच नवीन धोका समोर आला तर नवीन संमतीपत्र येतं. ते ‘तेच ते’ म्हणून सही करू नका, काय बदललं ते दाखवायला सांगा.

टप्पा ९: बाहेर पडणं आणि नंतरचं

कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं. फक्त दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे लक्षात घ्या: औषध थांबवणं, आणि चाचणीतून पूर्ण निघणं. औषध थांबवूनही तपासण्यांना येत राहता येतं, आणि बहुतेक वेळा मी तेच सुचवीन, कारण उशिरा दिसणारे दुष्परिणाम तिथेच पकडले जातात. पूर्ण निघायचं असेल तर लेखी कळवा. तोवर जमलेली माहिती सहसा काढून टाकली जात नाही. उरलेल्या नमुन्यांचं काय करायचं हे मात्र विचारता येतं. काही औषधं एकदम बंद केली तर त्रास उलटतो, तेव्हा निर्णय तुमचा असला तरी थांबवायची पद्धत डॉक्टरांकडून घ्या.

शेवटच्या भेटीत तीन गोष्टी मागा: तुमच्या तपासण्यांच्या प्रती, नेहमीच्या डॉक्टरांसाठी सारांशपत्र, आणि तुम्ही कोणत्या गटात होता हे कधी कळेल त्याचं उत्तर. चाचणी संपून गुपित उघडल्याशिवाय ते सांगता येत नाही, आणि त्याला वर्षं लागू शकतात. जीन थेरपीच्या काही प्रकारांत पाठपुरावा १५ वर्षांपर्यंत चालतो. पत्ता किंवा फोन बदलला तर कोऑर्डिनेटरला कळवा, आणि घरातल्या आणखी एकाचा नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवा.